बोलण्याचा हक्क : नागपूरकर भोसल्यांचे राज्य आणि त्याची राजनीती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या इतिहासाच्या तासाला सनावळीपेक्षा प्रश्नांना अधिक मान होता, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मीही एका प्रश्नापासून आरंभ करतो. बुद्धिबळाच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी आहेत. मग या राजाच्या पदरी वकील का नाही?

येथे वकील म्हणजे काळा कोट घालून कचेरीत उभा राहणारा कायदेपंडित नव्हे. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला आपला माणूस, आपल्या धन्याचे कान आणि जीभ. पटावर त्याला जागा नाही, कारण पटावरचे दोन राजे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना लढण्यावाचून दुसरा व्यवहारच ठाऊक नाही.

अलीकडे मुले संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर राष्ट्र उभारण्याचे खेळ खेळतात. प्रत्येकाने एक राष्ट्र घ्यायचे, त्याची राज्यपद्धती ठरवायची, खजिना सांभाळायचा, शेजाऱ्यांशी तह करायचे आणि मोडायचे. मोठ्या माणसांना हा काळाचा अपव्यय वाटतो. मला मात्र त्यात बुद्धिबळापेक्षा एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. या खेळात बोलणी आहेत. तेव्हा ज्या मातीवर ही शाळा उभी आहे, त्या मातीवर हाच डाव प्रत्यक्ष कसा मांडला गेला, त्याचे नियम काय होते आणि तो कोणत्या चालीने हरला गेला, हे आज आपण पाहू.

आपले बोरगाव सौंसर तालुक्यातले. उत्तरेस घाट चढला की छिंदवाड्याचे पठार लागते आणि त्या डोंगराळ मुलखात देवगडचा किल्ला आहे. आपला प्रदेश आधी या देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यापैकी बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान १७३९च्या सुमारास वारला आणि गादीसाठी घरातच तंटा लागला. चांद सुलतानाच्या विधवा राणीने मदतीसाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजींनी तोतया वारसाला दूर करून राणीच्या मुलांना गादीवर बसवले. पुढे त्या भावांतही कलह झाला, तेव्हा १७४३मध्ये रघूजी पुन्हा आले आणि या वेळी राहिलेच.

येथे रघूजींनी जे केले ते राज्यकारभाराच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांनी गोंड राजा बुऱ्हाण शहा याला नष्ट केले नाही. त्याची राजा ही पदवी राखली, उत्पन्नातला वाटा दिला आणि त्याला सन्मानाने नागपुरात ठेवले. रघूजींच्या हाती साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेले ‘सेनासाहेब सुभा’ हे पद होतेच. परंतु केवळ त्यावर विसंबले असते, तर साताऱ्याच्या नावाने कारभार करणाऱ्या पेशव्यांचा अधिकार नागपुरावर आपोआप आला असता. जवळ गोंड राजा असल्यामुळे रघूजींना सांगता येत होते की या भूमीवरचा आमचा हक्क केवळ पुण्याच्या मर्जीने आलेला नाही. एका राज्याला दोन मुळे दिली, म्हणजे कोणा एकाला ते सहज उपटता येत नाही.

आता या राज्याची आतली घडण पाहू. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याचा नागपूर राज्याविषयीचा मोठा अहवाल १८२७मध्ये छापला गेला. त्यात दरबारच्या अधिकाऱ्यांची माहिती मिळते. सर्वांच्या वर दिवाण. जमाखर्च फडणवीसाकडे, जमिनीच्या महसुलाचे दप्तर वऱ्हाडपांड्यांकडे, मुलकी पत्रव्यवहार चिटणवीसाकडे. परदरबारांशी होणारा फारसी पत्रव्यवहार मुनशीकडे आणि मोहोर शिक्केनवीसाकडे. यांतली कित्येक नावे आज नागपुरात आडनावे होऊन राहिली आहेत. हुकूम निघायचा तो एकाच्या मनाने, पण कागद फिरायचा तो अनेकांच्या हातांतून. लिहिणारा एक, नोंदणारा दुसरा, शिक्का उमटवणारा तिसरा. या दिरंगाईला पुढे इंग्रजांनी नावे ठेवली. परंतु राजा दुबळा निघाला तरी काही काळ राज्य चालत राही, ते याच व्यवस्थेमुळे.

या घडणीत वकिलाचे स्थान कोठे? पुणे, हैदराबाद, कलकत्ता अशा ठिकाणी भोसल्यांची माणसे असत. ती बातमी पाठवीत, धन्याचे म्हणणे मांडीत, समोरच्याचे मन ओळखीत, आणि मुख्य म्हणजे वेळ मिळवून देत. फौज निघण्याआधी वकील बोलत असे. फौज हरली तर तिच्यानंतरही तोच बोलत असे. मराठी परंपरेने ज्यांना ‘साडेतीन शहाणे’ म्हटले, त्यांतील एक पूर्ण शहाणा भोसल्यांच्या पदरी होता, दिवाकर पुरुषोत्तम ऊर्फ देवाजीपंत चोरघडे. शेजारच्या नरखेडशी या घराण्याचा संबंध असल्याने आपल्याला त्यांचे नाव परके नाही. आणि लोकांनी त्यांना शहाणे म्हटले ते तलवारीसाठी नव्हे, बोलणी करण्याच्या हातोटीसाठी.

वकिली ही दुधारी असते, हेही त्याच काळात दिसले. कलकत्त्यास भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित हा होता. १७८१मध्ये काशीच्या चेतसिंगाच्या प्रकरणात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज संकटात सापडला आणि चुनारच्या किल्ल्याकडे निघून गेला. बेनीराम त्याच्यामागे पायी गेला आणि त्याने एक लाख रुपये देऊ केले. हेस्टिंग्जने याची कृतज्ञतेने नोंद केली आहे. आपण मात्र विचारले पाहिजे की हा वकील त्या घटकेला कोणाचा होता? ज्या दरबारी राहावे त्याचे मन जिंकावे आणि तरीही आपण धन्याचेच राहावे, ही वकिलाची खरी कसोटी. राजालाही असा माणूस निवडावा लागतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

आता तहांकडे वळू. १७६९पासून १८१६पर्यंत नागपूरकरांनी तीन मोठे तह केले. ते ओळीने वाचले, म्हणजे राज्याची जीभ हळूहळू कशी बांधली गेली ते दिसते.

पहिला तह घरातलाच. जानोजी भोसले आणि माधवराव पेशवे यांचे वैर विकोपाला गेले. पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले, तर जानोजी तिला चुकवून थेट पुण्याच्या रोखाने गेले. अखेर मार्च १७६९मध्ये कनकापूरचा तह झाला. जानोजींनी दरसाल सुमारे पाच लाख रुपये द्यावे, पेशव्यांच्या अनुमतीवाचून फौज वाढवू अगर घटवू नये, बोलावतील तेव्हा चाकरीस यावे आणि दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नवाब यांच्याशी परभारे राजकारण करू नये, असे त्यात ठरले. केवळ महसुलाच्या कामापुरते काही ठिकाणी वकील ठेवण्याची मोकळीक राहिली.

कलम कडक होते, पण ते पाळले जाते की नाही हे पाहायला नागपुरात पेशव्यांची फौज बसलेली नव्हती. त्यामुळे दहा वर्षांच्या आतच मुधोजी भोसले हेस्टिंग्जशी मनमोकळी बोलणी करताना दिसतात. १७७८मध्ये हेस्टिंग्जने अलेक्झांडर एलियट याला नागपूरला पाठवले आणि तो वाटेतच वारला, तरी बोलणी थांबली नाहीत. १७८०मध्ये नाना फडणवीस, हैदर, निजाम आणि भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. त्या कामासाठी मुधोजींचे चिरंजीव चिमणाजी मोठी फौज घेऊन ओरिसात कटकला गेले. बंगालवर चालून जाण्याची त्यांनी घाई केली नाही आणि अखेर इंग्रजांकडून लाखो रुपये घेऊन सलोखा केला. मराठी एकजुटीच्या दृष्टीने हे वर्तन प्रशंसनीय नव्हते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या घटकेला पुणे आणि कलकत्ता या दोघांनाही नागपूरची मनधरणी करावी लागत होती. दोघांशी बोलता येणे हेच नागपूरचे बळ होते.

दुसरा तह १८०३चा. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि डिसेंबरच्या मध्यास गाविलगड, असे तीन घाव एकामागून एक बसले. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे दुसरे रघूजी भोसले यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी आर्थर वेलस्ली याच्याशी तह केला. कटक प्रांत गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले आणि निजामाकडे सोपवले गेले. आपल्या पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडून वाहणारी वर्धा ही त्या दिवशी दोन राज्यांची सरहद्द झाली. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणा युरोपीय किंवा अमेरिकन सत्तेच्या माणसाला नोकरीत ठेवायचे नाही, निजाम व पेशवे यांच्याशी तंटा पडल्यास इंग्रजांची मध्यस्थी मानायची, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या दरबारी वकील ठेवायचे, हीही कलमे होती.

या शेवटच्या कलमाने १८०४मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला आणि त्याच्यामागून जेन्किन्स. तहाच्या भाषेत रेसिडेंट हा इंग्रजांचा वकीलच. परंतु आपला वकील कलकत्त्याच्या दारी एकटा बसे, तर इंग्रजांच्या वकिलामागे खजिना, स्वतंत्र डाक आणि हाकेच्या अंतरावर फौज होती. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांना इतर सावकारांसारखे लेखू नये, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, असा इशारा अठराव्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेवला होता. शंभर वर्षांनी नागपूरला त्याचा अर्थ कळला.

तरीही दुसऱ्या रघूजींनी एक गोष्ट शेवटपर्यंत राखली. मुलूख गेला, उत्पन्न घटले, पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला, इतका की १८११मध्ये त्यांनी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन जाळपोळ केली. संरक्षणाचे आमिष डोळ्यांसमोर होते. इंग्रज तैनाती फौज देऊ करीत होते. रघूजी नाही म्हणत राहिले आणि २२ मार्च १८१६ रोजी त्यांचा अंत झाला तेव्हा नागपूरचे राज्य लहान झाले होते, पण तैनाती तहाने बांधलेले नव्हते.

तिसरा तह त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन महिन्यांनी झाला. गादीवर आलेले परसोजी शरीराने व मनाने असमर्थ होते. कारभार कोणी पाहावा यावरून दरबारात दोन तट पडले. परसोजींचे चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांनी विरोधी तटाला मागे सारले, पण आपले आसन त्यांना डळमळीत वाटत होते. ते स्थिर करण्यासाठी त्यांनी जेन्किन्सचा आधार शोधला. २७ मे १८१६ रोजी गुप्तपणे तह झाला. इंग्रजांच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाचे एक पथक नागपूर राज्याच्या खर्चाने राहायचे, त्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये द्यायचे, आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणत्याही दुसऱ्या राज्याशी बोलणे करायचे नाही.

श्रोतेहो, शेवटचे कलम शब्दांनी १७६९च्या कलमासारखेच आहे. फरक इतकाच की या वेळी ते पाळले जाते की नाही हे पाहणारी फौज शहराच्या अंगणातच उतरली होती आणि तिचा पगार आपणच देत होतो. आणखी एक भेद आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. १७६९ आणि १८०३चे तह लढाईच्या दडपणाखाली झाले. १८१६चा तह रणांगणावर कोणी लादला नव्हता. एका माणसाने आपल्या अधिकारपदाची किंमत म्हणून राज्याचा बोलण्याचा हक्क देऊन टाकला. जे स्वतःचे नव्हते ते त्यांनी दिले.

पुढचे सारे वेगाने घडले. फेब्रुवारी १८१७च्या पहिल्या दिवशी परसोजी मृत आढळले आणि अप्पासाहेब गादीवर आले. राजा झाल्यावर त्यांना आपण काय देऊन बसलो याची जाणीव झाली असावी. पुण्याकडे त्यांचे गुप्त संधान सुरू झाले. पण जे बोलणे पूर्वी वकील उघडपणे करीत, ते आता चोरून करावे लागत होते, आणि चोरून केलेल्या बोलण्याला राजकारण न म्हणता विश्वासघात म्हणतात. नोव्हेंबर १८१७मध्ये त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे दरबार भरवून स्वीकारली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. संख्येने कितीतरी थोड्या असलेल्या इंग्रजी फौजेने ती टिकवून धरली.

मार्च १८१८मध्ये अप्पासाहेबांना अटक झाली आणि मे महिन्यात कैदेतून निसटून ते महादेवाच्या डोंगरात गेले. आपल्या उत्तरेच्या त्या रानात गोंडांनी त्यांना आसरा दिला. ज्यांचे राज्य त्यांच्या पूर्वजांनी घेतले होते, तेच लोक पडत्या काळात पाठीशी राहिले. १८४०मध्ये जोधपुरास त्यांचा अंत झाला. इकडे मुलताई आणि बैतूल इंग्रजांकडे गेले. अल्पवयी तिसरे रघूजी गादीवर बसवले गेले आणि कारभार जेन्किन्स पाहू लागला. १८२६मध्ये नवा तह होऊन राजांकडे हळूहळू कारभार परत आला, पण परराज्यांशी संबंध ठेवण्याची मुभा कधीच परतली नाही.

म्हणून ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्रावाचून वारले, तेव्हा जे झाले त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. लॉर्ड डलहौसीने १८५४मध्ये राज्य खालसा केले. वयोवृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, अर्ज-विनंत्या झाल्या. परंतु अर्ज करणे आणि बोलणी करणे यांत फार अंतर आहे. बोलणी दोन दरबारांत होतात. अर्ज ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारी न्यावा लागतो. नागपूरसाठी शब्द टाकील असा एकही शेजारी उरला नव्हता, कारण सदतीस वर्षे नागपूरने कोणाशी बोलणेच केले नव्हते.

यावर कोणी म्हणतील की हे विवेचन एकांगी आहे. कवायती फौज, तोफखाना, सुव्यवस्थित खजिना या बाबतींत इंग्रज पुढे होते, मग वकील ठेवून काय वाचले असते? आक्षेप योग्य आहे. केवळ वकिलांच्या बळावर असई जिंकता आली नसती. मात्र १८०३चा पराभव सोसूनही राज्य राहिले, आणि १८१६च्या तहानंतर दोन वर्षांत ते नावापुरते उरले, हेही खरे आहे. लढाई हरलेल्या राज्याला पुन्हा उभे राहण्याची संधी असते. ज्याने आपले बोलणे दुसऱ्याच्या हाती दिले, त्याला लढाईवाचून दुसरी वाट राहत नाही, आणि तीही चुकीच्या वेळी धरावी लागते. अप्पासाहेबांचे नेमके हेच झाले.

या शाळेच्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे. मुलांना राष्ट्राचे खेळ आवडतात, तर एकदा १८१६चा नागपूर दरबार वर्गात मांडावा. एकाने अप्पासाहेब व्हावे, एकाने दिवाण, एकाने फडणवीस, एकाने मुनशी, एकाने बांकाबाई, एकाने जेन्किन्स. दोघांनी पुणे आणि हैदराबादचे वकील व्हावे. फडणवीसाने खजिन्यात किती आहे ते सांगावे, मुनशीने आलेली पत्रे वाचावी, आणि मग अप्पासाहेबांनी सही करावी की नाही ते ठरवावे. सही झाली तर त्या क्षणापासून दोन्ही वकिलांनी वर्गाबाहेर जाऊन बसावे. उरलेल्या तासात काय घडते ते मुलांनी पाहावे. दार बंद झाल्याचा अर्थ त्यांना माझ्या व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

हा विषय मी बोरगावात मांडतो याला कारण आहे. आपण सरहद्दीवरची माणसे आहोत. १८०३मध्ये वर्धेवर रेषा पडली, १८१८मध्ये मुलताईच्या बाजूस पडली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, तेव्हा मराठी बोलणारे सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३मध्ये याच दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. या रेषा बऱ्या की वाईट हा आजचा विषय नाही. सरहद्दीवर राहणाऱ्याला मात्र दोन्हीकडच्या भाषा याव्या लागतात, दोन्हीकडच्या कचेऱ्यांत आपले म्हणणे मांडता यावे लागते आणि ते स्वतःच मांडावे लागते. पूर्वी राजाला वकील लागे. लोकशाहीत ते काम गावागावांतल्या शिकलेल्या माणसांवर आले आहे. अशी माणसे शाळाच घडवू शकते, आणि गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानात एवढे तरी सांगणे मला कर्तव्य वाटले.